सायकल आणि गुडघेदुखी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा कुठलाही गट चहा-पोह्यांना थांबला, की दहा मिनिटांत बोलणं गुडघ्यांवर येतं. कुणाचा कात्रज चढताना दुखतो, कुणाचा घरी गेल्यावर जिना उतरताना. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. बारा वर्षं सायकल चालवते आहे. त्यातलं जवळजवळ एक वर्ष माझ्या उजव्या गुडघ्यानं खाल्लं. त्या वर्षात जे शिकले ते पुढे गटातल्या लोकांच्या सीटा वर-खाली करताना पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

सायकल चालवून गुडघे झिजतात का?

नाही. पण हा समज इतका पक्का बसलाय, की गुडघा दुखतो म्हटल्यावर घरचे आधी सायकल विकायला सांगतात. साधं चालताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. सपाटीवर आरामात सायकल चालवताना तो साधारण वजनाइतकाच असतो, कारण धड सीटवर टेकलेलं असतं आणि पाऊल जमिनीवर आपटत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पेशंटला व्यायामाच्या सायकलवर बसवतात ते याचसाठी.

मग दुखतात कशामुळे?

पेडलच्या मिनिटाला ८५ फेऱ्या धरल्या तर प्रत्येक पाय तासाला ५,१०० वेळा दुमडतो आणि सरळ होतो. दहा तासांच्या राइडला हा आकडा ५१,००० होतो. प्रत्येक वेळी तीच हालचाल, त्याच रेषेत. चालताना आपण खड्डा चुकवतो, पाऊल थोडं वेगळं टाकतो, शरीर आपोआप भार वाटून घेतं. सायकलवर ती सोय नाही. कंबर सीटवर बसलेली, पाऊल पेडलवर ठेवलेलं, दोन्ही टोकं पक्की. सीट चुकली, पाऊल तिरकं पडलं किंवा कंबरेचे स्नायू थकले, तर निमूटपणे जुळवून घ्यावं लागतं ते मधल्या सांध्याला. दुखतो गुडघा, पण चूक बहुतेक वेळा त्याच्या वर किंवा खाली असते.

मला भेटलेल्या दुखऱ्या गुडघ्यांमागे तीन कारणं सगळ्यांत जास्त सापडली : सीट खाली, गिअर जड आणि अंतर एकदम वाढवलेलं. क्रँकची, म्हणजे पेडल जिच्या टोकाला असतं त्या दांड्याची लांबी, सपाट तळवे, पायांच्या लांबीतला फरक ही कारणंही खरी आहेत, पण त्यांचा विचार ही तीन तपासून झाल्यावर करा. लोक नेमकं उलटं करतात. चार हजारांचे बूट आधी घेतात आणि सीट दुकानदारानं लावून दिली तिथेच राहते.

दुखतंय नेमकं कुठे, यावरून कारण कळतं का?

बरंच कळतं. गुडघ्यावर एक बोट ठेवून जागा दाखवता येते का ते बघा.

समोर, वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा फार पुढे आहे. पेडल वर येतं तेव्हा गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि तशा दुमडलेल्या अवस्थेत जोर लावला, की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. हे दुखणं जिना उतरताना, उकिडवं बसताना किंवा तीन तास नाटक बघून उठताना जास्त जाणवतं. सायकलवाल्यांत सर्वाधिक आढळणारं दुखणं हेच. दुखरी जागा वाटीच्या लगेच खाली असेल आणि दाबल्यावर नेमकी तिथेच कळ येत असेल, तर वाटीला नडगीशी जोडणारा कंडरा तक्रार करतोय. तिथे पहिला संशय जड गिअरवर घ्यावा.

मागच्या बाजूला, लवणीत दुखत असेल तर उलटी गोष्ट : सीट फार वर आहे किंवा फार मागे. पेडल खाली पोचताना पाय ताणला जातो. मित्राला मागून चालवायला सांगा. तुमची कंबर सीटवर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट नक्की उंच आहे.

बाहेरच्या बाजूचं दुखणं वेगळ्या जातीचं असतं. कंबरेपासून मांडीच्या बाहेरून एक जाड, चिवट पट्टा गुडघ्याखाली येऊन चिकटतो, त्याला आयटी बँड म्हणतात. गुडघा थोडा वाकलेला असताना तो हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो. हे दुखणं ठरावीक अंतरानंतर, म्हणजे पस्तिसाव्या किंवा चाळिसाव्या किलोमीटरला, सुरी लागल्यासारखं सुरू होतं. थांबलं की कमी, निघालं की पुन्हा सुरू. उंच सीट, बोटं आत वळवणारी क्लीट (बुटाच्या तळाला बसवलेली, पेडलमध्ये अडकणारी खाच) आणि कंबरेच्या बाजूचे दुबळे स्नायू, या तिन्हींकडे बघा.

आतल्या बाजूला दुखत असेल तर पावलं जास्त बाहेर वळलेली आहेत का आणि जोर लावताना गुडघा आत, फ्रेमच्या दांडीकडे पडतोय का ते पाहा. मात्र गुडघा मुरगळल्यावर आतून दुखू लागलं असेल आणि मधेच अडकतही असेल, तर सायकलला हात लावू नका. गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा प्रश्न असू शकतो, आधी डॉक्टरकडे जा.

सीटची उंची घरच्या घरी कशी तपासायची?

सायकल भिंतीलगत उभी करा आणि नेहमीचे बूट घालून बसा. पेडल सगळ्यांत खाली आणून त्यावर टाच ठेवा. कंबर न कलता पाय अगदी सरळ झाला पाहिजे. आता नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला, की गुडघ्यात थोडा बाक राहतो, साधारण २५ ते ३५ अंश. टाचेवर पाय सरळ होतच नसेल तर सीट खाली आहे. टाच पोचत नसेल तर वर आहे.

मोजपट्टीवर जास्त विश्वास असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाडसर पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखं घट्ट वर धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर आलं असेल तर उत्तर ७०.६ सेंटिमीटर. क्रँकच्या मधल्या बोल्टपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या दांडीच्या रेषेत, एवढं अंतर हवं. ही सुरुवातीची जागा समजा. बुटाचा सोल, पेडल, क्रँक यांनी थोडा फरक पडतो.

बदल एका वेळी पाच मिलिमीटरचाच करा. आधीच्या जागेवर दांडीला चिकटपट्टी किंवा नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवा आणि दोन-तीन राइड झाल्याशिवाय दुसरं काही हलवू नका. एकाच संध्याकाळी सीट, हँडल आणि क्लीट तिन्ही हलवणारे लोक मी पाहिलेत. दुखणं थांबलं तरी कशानं थांबलं हे त्यांना कळत नाही, वाढलं तर अजिबातच कळत नाही.

सीट वर घेतली की पाय जमिनीला टेकत नाहीत, भीती वाटते.

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले म्हणा ना! आपण सायकल शिकतो तेव्हा दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकतील एवढी सीट खाली असते. शिकताना ते योग्यच. पण ती तिथेच राहते, वीस-वीस वर्षं. रस्त्यावर बघा, गुडघे हँडलपर्यंत वर येत असलेले किती लोक दिसतात. त्यातल्या अनेकांना वाटतं, की सायकल म्हणजे गुडघ्यांचा त्रास असतोच.

सीटवर बसल्या बसल्या पाय टेकायला हवेतच कशाला? थांबताना सीटवरून पुढे उतरून फ्रेमच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय घेऊन उभं राहायचं. किंवा सायकल एका बाजूला किंचित कलवून एका पायाचा चवडा टेकायचा. निघताना एक पेडल घड्याळातल्या दोनच्या काट्यावर आणा, त्यावर उभं राहिल्यासारखा जोर द्या आणि सायकल हलली की सीटवर बसा. रिकाम्या मैदानावर अर्धा तास सराव केला तर येतं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी हे माझ्यासमोर एका सकाळी आत्मसात केलंय. एकदम चार सेंटिमीटर चढवू नका. आठवड्याला पाच मिलिमीटर वाढवत गेलात तर भीतीलाही वेळ मिळतो आणि मांडीच्या मागच्या स्नायूंनाही.

माझी साधी, बिनगिअरची सायकल आहे. हे सगळं मला लागू आहे का?

तुम्हाला तर जास्तच. आमच्या सोसायटीतले वॉचमन मामा रोज जाऊन-येऊन बावीस किलोमीटर काळी सायकल चालवतात. दोन्ही गुडघे समोरून दुखायचे, रात्रपाळीत जिने चढवेनात. सीट अगदी तळाला होती आणि दांडी गंजून फ्रेममध्ये घट्ट बसली होती. मिस्त्रीनं रात्रभर तेल सोडून ठेवलं आणि सकाळी पिळून पिळून बाहेर काढली. दीड महिन्यात टप्प्याटप्प्यानं साडेचार सेंटिमीटर वर घेतली. एवढाच उपचार. आता दुखत नाही असं नाही, पण जिने चढताना त्यांना कठडा धरावा लागत नाही.

सीटच्या दांडीवर एक कोरलेली खूण असते, तिच्या वर सीट काढायची नाही, नाहीतर दांडी वाकते किंवा फ्रेम तडकते. खुणेपर्यंत घेऊनही कमी पडत असेल तर लांब दांडी मिळते, तिला फार पैसे लागत नाहीत. चेनला तेल आणि टायरमध्ये पुरेशी हवा हासुद्धा गुडघ्याचाच उपाय आहे, कारण कोरडी चेन आणि बसलेलं टायर यांची किंमत पायांना मोजावी लागते. आणि चढ आला तर उतरून चाला. एकाच गिअरवर दात-ओठ खात घाट चढणं म्हणजे गुडघ्यावर सूड उगवणं आहे.

सीट पुढे-मागे किती असावी?

पेडल आडवं, पुढे तीनच्या काट्यावर ठेवा. वाटीच्या खाली नडगीवर जो उंचवटा लागतो तिथून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. तो पेडलच्या मधल्या दांड्यावर किंवा किंचित मागे पडला तर ठीक. हा ठोकताळा आहे, त्याच्यासाठी रात्र जागवू नका. सीट मागे सरकवली, की पेडलपासूनचं अंतर वाढतं, म्हणून उंची पुन्हा तपासा.

कोणत्या गिअरवर चालवावी? हलक्या गिअरवर उगाच पाय फिरताहेत असं वाटतं.

सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या आणि चढावर शक्यतो ६५-७० च्या खाली नाही. यंत्र नसेल तर पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा आणि चारनं गुणा.

हिशेब सोपा आहे. वेग तोच ठेवून फेऱ्या निम्म्या केल्या, तर प्रत्येक फेरीत दुप्पट जोर लावावा लागतो. तो जोर वाटीतून आणि कंडऱ्यांतून जातो. जास्त फेऱ्यांचा भार हृदय आणि फुप्फुसं उचलतात. धाप तासाभरात भरून निघते, कंडरा भरून यायला महिने लागतात. पुढे ३४ आणि मागे ३२ दातांचं चक्र असेल, तर ७० फेऱ्यांना ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. सिंहगडाच्या शेवटच्या चढांवर एवढा वेग माझ्यासारखीला पुष्कळ झाला. हलक्या गिअरवर जाणं म्हणजे कमीपणा, ही समजूत तरुण मुलांत फार आहे आणि ती त्यांना महागात पडते. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा. मध्ये अडकल्यावर केलात तर चेनही कुरकुरते आणि गुडघाही. तुमच्या सायकलला एवढा हलका गिअर नसेल तर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, मोठी बसते का ते दुकानात विचारा.

सगळं व्यवस्थित लावलंय, तरी लांबच्या राइडनंतर दुखतं.

मागच्या महिन्यात एका राइडला जास्तीत जास्त किती किलोमीटर केले होते आणि या वेळी किती केले?

माझंच सांगते. नोव्हेंबरमध्ये २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, केली. तिला साडेतेरा तास मिळतात, माझी वेळेत झाली. आनंदाच्या भरात तीन आठवड्यांनी ३०० च्या ब्रेव्हेला नाव दिलं. मधल्या काळात ऑफिसमुळे सायकलला हात लागला नव्हता. दोन दिवस आधी नवी सीट बसवली. ती जुन्या सीटपेक्षा दीड सेंटिमीटर चपटी होती, म्हणजे दांडी न हलवता माझी उंची दीड सेंटिमीटर कमी झाली होती. मी मोजली नाही. २१० व्या किलोमीटरला उजव्या वाटीखाली टोचायला लागलं. वेदनाशामक गोळी घेतली, थंडी पडली होती, गुडघे उघडे होते, आणि मी आणखी चाळीस किलोमीटर रेटले. २५० ला सायकल टेम्पोत टाकून घरी आले. त्यानंतर दहा महिने धड जिना उतरता आला नाही.

सीट, अंतर, थंडी, गोळी. एकेकटं असतं तर कदाचित निभावलंही असतं. म्हणून अंतर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवा, दर चौथा आठवडा हलका ठेवा. आषाढीच्या आधी पंढरपूरच्या सायकलवारीला जायचं असेल, तर तयारी फेब्रुवारीतच सुरू करा. पुण्याहून दोनशेच्या पुढे अंतर आहे आणि भक्ती मनाला कितीही बळ देत असली तरी कंडऱ्यांना सराव लागतोच. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पंधराच्या खाली गेला तर गुडघे झाकणाऱ्या बाह्या घाला आणि पहिली वीस मिनिटं हलक्या गिअरवर घ्या.

क्लीटचे बूट घेतल्यापासून दुखायला लागलं.

साध्या पेडलवर पाऊल स्वतःची जागा शोधतं, क्लीट त्याला एका जागी अडकवते. उंच टेबलावर पाय सैल सोडून बसा आणि पावलं नैसर्गिकपणे कुठे वळतात ते बघा. अनेकांची दोन पावलं सारखी वळत नाहीत. क्लीट तशीच लावा, दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी लावायचा हट्ट नको. पाऊल थोडं हलू देणारी क्लीट घ्या, अगदी न हलणारी सुरुवातीला घेऊच नका. झिजलेली क्लीट वेळेवर बदला. आणि सायकल कधी पडली असेल तर क्रँक किंवा पेडलचा दांडा वाकलाय का ते फिरवून तपासा. पेडल प्रत्येक फेरीत डुलत असेल तर गुडघाही तेवढ्याच वेळा डुलतो.

आत्ता दुखतंय. आज काय करू?

राइडमध्ये असाल तर गिअर हलका करा, सीट डोळ्यांनी तपासा, जवळचा रस्ता धरून घरी जा. दुखणं वाढत असेल तर चालवूच नका. घरी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. बर्फ थेट कातडीवर नको. दोन-तीन दिवसांनी आखडल्यासारखं वाटत असेल तर शेक घ्यायला हरकत नाही. पूर्ण झोपून राहण्याची गरज नसते. सपाटीवर चालणं, पाण्यात पोहणं, दुखत नसेल तेवढी हालचाल चालू ठेवा.

गोळी घेऊन राइड मात्र करू नका. गोळीनं इशारा बंद होतो, इजा चालूच राहते. उन्हात, घामानं पाणी कमी झालेल्या अंगात या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देतात. मी हे केलंय, म्हणून हात जोडून सांगते.

तेल, नी-कॅप, टेप यांचा उपयोग होतो का?

आजीच्या हातच्या कोमट तेलानं बरं वाटतं, स्नायू सैल होतात. हलक्या हातानं चोळा, दुखऱ्या कंडऱ्यावर अंगठ्यानं रगडू नका. नी-कॅपनं ऊब आणि धीर मिळतो, फिजिओथेरपिस्टनं लावलेल्या टेपनं काही दिवस दुखणं कमी होऊ शकतं. पण सीट खालीच राहिली तर यातलं काहीही पुरं पडत नाही. वाटी आवळून टाकणारी घट्ट नी-कॅप घालून घाट चढू नका.

गुडघ्यात कटकट आवाज येतो. झीज झाली का?

दुखत नसेल, सुजत नसेल, तर आवाजाची काळजी करू नका. कित्येक निरोगी गुडघे वाजतात.

व्यायाम कोणते करू?

वाटीच्या दुखण्यावर सगळ्यांत भरवशाचा उपाय हाच आहे. फक्त मांडीचे स्नायू वाढवून भागत नाही, कंबर आणि नितंबांचेही हवेत. जोर लावताना गुडघा आत पडू न देण्याचं काम त्यांचं.

मला चार व्यायामांनी उभं केलं. खुर्चीच्या कडेवरून हात न लावता सावकाश उठणं आणि तीन आकडे मोजत बसणं. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं, जमलं की एका पायावर. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचलणं. आणि बुटक्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्याची टाच हळूच जमिनीला टेकवणं. हा शेवटचा व्यायाम आरशासमोर करा, गुडघा पावलाच्या मधल्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी शमलं तर चालेल. त्यापेक्षा जास्त दुखलं तर भार कमी करा. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडणारे फार असतात, मीसुद्धा एकदा सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

डिंकाचे लाडू, हळद-दूध, व्हिटॅमिन डी?

लाडू आवडीनं खा, त्यांनी सीटची उंची बदलत नाही. व्हिटॅमिन डीची कमतरता आपल्याकडे खूप जणांत असते, पण ती रक्त तपासून कळते. मेडिकलमधून ६०,००० युनिटची पुडी आणून मनानं दर आठवड्याला घेत राहू नका. ते जास्त झालं तरी अपाय होतो.

डॉक्टरकडे कधी जायचं? एमआरआय काढावा का?

गुडघा सुजला असेल, मधेच अडकत असेल, उभं राहताना दगा देत असेल, पडल्यावर त्यावर भार टाकता येत नसेल, रात्री झोपेतून जाग येण्याइतका दुखत असेल, तर वाट बघू नका. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी जा. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखत असेल तरीही. वरचे सगळे बदल करूनही चार-सहा आठवड्यांत उतार पडला नाही तर तेव्हाही.

एमआरआय स्वतःहून काढायला जाऊ नका. चाळिशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यांच्या चित्रातही झीज आणि गादीला बारीक चिरा दिसतात, आणि रिपोर्ट वाचून माणूस उगाच घाबरतो. मला पहिल्याच भेटीत, सायकल न बघता, कायमची सोडायला सांगण्यात आलं होतं. असं झालं तर दुसरं मत घ्या. जाताना सायकलवर बसलेला तुमचा बाजूनं आणि समोरून घेतलेला व्हिडिओ मोबाइलमध्ये न्या, तो फार उपयोगी पडतो.

आईच्या गुडघ्यांची झीज झाली आहे. तिनं घरातली व्यायामाची सायकल चालवावी का?

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जरूर. झिजलेल्या गुडघ्याला हालचाल हवी असते. सीट उंच लावा, रोध अगदी कमी ठेवा, दहा मिनिटांपासून सुरू करा. घरातल्या सायकलची सीट बहुतेक वेळा नातवाच्या उंचीला लावलेली असते. आई बसण्याआधी ती कुणीतरी वर घ्यावी, स्वतः ती कधी सांगणार नाही.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याचाही गुडघा दुखतो.

वाढीच्या वयात नडगीच्या वरच्या टोकाला, वाटीखाली दुखरं टेंगूळ येऊ शकतं. खेळणाऱ्या मुलांत ते बरंच दिसतं आणि खेळ थोडा कमी केला की हळूहळू निवळतं, तरी एकदा डॉक्टरांना दाखवा. मूल लंगडत असेल तर उशीर नको आणि खुब्याचीही तपासणी करा म्हणून सांगा, कारण मुलांमध्ये खुब्याचं दुखणं कधी कधी गुडघ्यात जाणवतं. आणि ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी सायकल घेऊ नका.

पैसे देऊन बाइक फिटिंग, म्हणजे जाणकाराकडून सायकल आपल्या शरीराच्या मापाला लावून, घ्यावं का?

आठवड्याला शंभर किलोमीटरच्या पुढे चालवत असाल किंवा क्लीट वापरत असाल तर करा. फिटिंग करणाऱ्यानं आधी तुमचं दुखणं, जुन्या इजा, पायांचा लवचीकपणा विचारला पाहिजे. थेट पाना हातात घेतला तर उठून या. मापांचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा.

परत कधी सुरू करू?

जिना उतरताना आणि खुर्चीतून उठताना दुखणं जवळपास थांबलं, की. पहिल्यांदा सपाटीवर वीस-पंचवीस मिनिटं, हलका गिअर, नंतर पूर्ण एक दिवस वाट बघा. दुसऱ्या सकाळी गुडघा शांत असेल तर पुढच्या वेळी पाच मिनिटं वाढवा. नसेल तर तेवढीच वेळ पुन्हा करा. आधी वेळ वाढवायची, मग वेग, चढ सगळ्यांत शेवटी. पुन्हा बसू लागल्यावर माझा पहिला महिना गल्लीबोळात फेऱ्या मारण्यात गेला आणि कात्रज मी पाचव्या महिन्यात चढले, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर, दोनदा थांबून.